घरच्यांना नकोसा : रोमचा सम्राट क्लॉडियस

रोमचा इतिहास म्हटला की आपल्याकडे बहुधा दोनच नावे निघतात, ज्यूलियस सीझर आणि नीरो. त्यांतला सीझर सम्राट कधी झालाच नाही. आणि रोम जळत असता नीरो फिडल वाजवीत बसला होता असे जे आपण शाळेत ऐकले, ते वाद्य तर त्या काळी जन्मालाही आले नव्हते. या दोघांच्या मधल्या काळात, इ. स. ४१ ते ५४ अशी १३ वर्षे, एक निराळाच मनुष्य रोमच्या गादीवर बसून गेला. चालताना त्याचे पाय लटपटत, बोलताना जीभ अडखळे, मान हालत राही. वयाची पन्नाशी गाठेपर्यंत त्याच्या घरातल्या कोणालाही तो चारचौघांत दाखविण्याजोगा वाटला नव्हता. खुद्द आईलाही नाही. त्याचे नाव क्लॉडियस. भगिनींनो, त्याच्या राजकारणापेक्षा त्याच्या घरची हकीकतच आपल्या जिवाला अधिक लागेल, म्हणून सुरुवात घरापासूनच करते.

क्लॉडियसचा जन्म इ. स. पूर्व १० मध्ये, १ ऑगस्ट रोजी, गॉल देशातील लुग्दुनुम येथे झाला. फ्रान्समधले आजचे लिआँ शहर ते हेच. घराणे असे, की त्याहून मोठे रोममध्ये दुसरे नव्हते. आजी लिव्हिया ही पहिला सम्राट ऑगस्टस याची पत्नी. बाप ड्रुसस हा लिव्हियाचा पहिल्या पतीपासूनचा मुलगा आणि जर्मनीच्या मोहिमांत गाजलेला सेनापती. आई अँटोनिया ही ऑगस्टसच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. तिचा बाप मात्र मार्क अँटनी, जो क्लिओपात्रेच्या नादाने बायकोमुलांना सोडून इजिप्तला गेला आणि तिकडेच मेला. क्लॉडियस जेमतेम वर्षाचा होतो तोच ड्रुसस घोड्यावरून पडण्याचे निमित्त होऊन जर्मनीत वारला. अँटोनियाची तेव्हा नुकती पंचविशी उलटली होती. ऑगस्टसने दुसऱ्या लग्नाचा आग्रह केला, तो तिने मानला नाही. सासूच्या आश्रयाला राहून तिने थोरला जर्मॅनिकस, मुलगी लिव्हिला आणि हा धाकटा अशी तिन्ही लेकरे वाढविली. शीलवती म्हणून सगळे रोम तिला मान देत असे.

थोरला जर्मॅनिकस रूपाने देखणा, बोलण्यात गोड, सगळ्यांचा लाडका. धाकट्याच्या मागे मात्र पाळण्यापासून दुखणी. गुडघ्यांत बळ नाही, शब्द धड उमटत नाहीत, रागावला की तोंडाला फेस येई, नाकही वाहे. आजचे डॉक्टर जुनी वर्णने वाचून हा सेरेब्रल पाल्सीचा प्रकार असावा असा तर्क करतात. त्या वेळी तर्क करण्याच्या भरीस कोणी पडले नाही. शरीर असे, तेव्हा डोकेही तसलेच असणार, असे घरादाराने ठरवून टाकले. अँटोनिया त्याला निसर्गाने अर्धवट सोडून दिलेला गोळा म्हणे, आणि एखाद्याच्या मूर्खपणाची शिकस्त सांगायची झाली तर तो आपल्या क्लॉडियसपेक्षाही बथ्थड आहे असे उदाहरण देई. आजीचा तर त्याच्याशी अबोलाच. सांगायचे काही असले तर ती चिठ्ठी पाठवी किंवा कोणाकरवी निरोप धाडी. पुढे हा कधी काळी सम्राट होईल असे भविष्य कोणी सांगितले, तेव्हा सख्ख्या बहिणीने, लिव्हिलाने, असले संकट रोमच्या जनतेवर न येवो म्हणून मोठ्याने देवाला विनविले.

अँटोनियाला दोष देताना माझा हात थोडा अडखळतो. तरुण विधवा, राजवाड्यात सासूच्या नजरेखाली राहणारी, भोवती टपलेले नातेवाईक. तिच्याने ते सोसले नसेल. परंतु मुलाच्या व्यंगाची थट्टा जेव्हा आईच्याच तोंडून निघते, तेव्हा बाकीच्यांना मोकळे रान मिळते, आणि तसेच झाले.

मुलाला शिकविण्यासाठी जो मनुष्य नेमला तो पूर्वी ओझ्याच्या जनावरांवरचा मुकादम होता. लहानसहान कारणावरून मारझोड करावयाची एवढीच त्याची विद्या. क्लॉडियसने म्हातारपणी आत्मचरित्र लिहिले त्यात या शिक्षकाची तक्रार आहे. पन्नास वर्षांनीही ते वळ गेले नव्हते. रोमन मुलगा वयात आला म्हणजे त्याला मोठ्या माणसाचा पांढरा झगा देत, नातलग व मित्रमंडळी त्याला दिवसाढवळ्या मिरवीत देवळाकडे नेत. आपल्याकडच्या मुंजीइतकाच तो थाटाचा प्रसंग. क्लॉडियसला मध्यरात्री पालखीत घालून कॅपिटॉलच्या टेकडीवरील देवळात नेऊन आणले. सोबत ना वाजंत्री, ना माणसे. वडिलांच्या स्मरणार्थ दोघा भावांनी खेळ भरविले तेव्हाही तो डोक्यावरून वस्त्र ओढून बसला होता.

ऑगस्टस मात्र थोडा घोटाळ्यात पडला होता. त्याने लिव्हियाला लिहिलेल्या काही पत्रांतील मजकूर सुएटोनियस या जुन्या चरित्रकाराने जपून ठेवला आहे. या मुलाला पुढे आणावयाचे की नाही याचा एकदाच काय तो निकाल लावू, दर वेळी टांगती तलवार नको, असा त्याचा सूर. उत्सवात पुजाऱ्यांच्या पंगतीची व्यवस्था पाहू दे, पण राजघराण्याच्या सज्जात सगळ्यांच्या नजरेसमोर बसवू नये, असे त्याने सुचविले. एका पत्रात मात्र तो चकित झालेला दिसतो. ज्याला साधे बोलणे धड जमत नाही, तोच भाषण म्हणून दाखविताना इतके स्वच्छ कसे बोलतो, याचे त्याला नवल वाटले होते. नवल वाटले, पण निकाल बदलला नाही. पुरोहितपदाचा एक मान सोडला तर क्लॉडियसला काही मिळाले नाही, आणि इ. स. १४ मध्ये ऑगस्टस वारला तेव्हा मृत्युपत्रात याचे नाव दूरच्या वारसांत, जवळजवळ परक्यांच्या ओळीत होते.

घरात जो कोणालाच नको होता त्याला पुस्तकांनी जवळ केले. रोमचा मोठा इतिहासकार लिव्ही याने त्याला इतिहास लिहिण्याचे प्रोत्साहन दिले. पहिल्यांदा त्याने आपले लिखाण लोकांपुढे वाचले तेव्हा श्रोत्यांतला एक लठ्ठ गृहस्थ बसताच बाके मोडून पडली. हशा पिकला, तो ओसरला, पण क्लॉडियसला राहून राहून ते आठवे आणि वाचता वाचता तो पुन्हा हसू लागे. त्याचा स्वभाव कळण्यास एवढी गोष्ट पुरे. त्याने आरंभ केला होता सीझरच्या खुनापासून. परंतु त्या काळातले खरे लिहावयाचे म्हणजे ऑगस्टसच्या हातांना लागलेले रक्तही आले. आईने आणि आजीने रागे भरून तो भाग त्याला सोडावयास लावला, आणि यादवी संपल्यावरचा काळ धरून त्याने पुन्हा लिहिले. ते ४१ भाग झाले. याशिवाय इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांचा इतिहास २० भागांत आणि कार्थेजचा ८ भागांत, दोन्ही ग्रीक भाषेत. फाशांच्या खेळावरही एक पुस्तक होते, कारण त्या खेळाचे त्याला भारी वेड. यांतले एकही आज उरलेले नाही. एट्रुस्कन भाषा पुढे मेली, आणि ती जाणणाऱ्या शेवटच्या विद्वानांपैकी एकाचे हे २० भाग गेल्याची हळहळ अभ्यासक आजही करतात.

ऑगस्टसनंतर सख्खा चुलता टायबेरियस गादीवर आला. क्लॉडियसने त्याच्याकडे अधिकाराची जागा मागितली. त्याने नुसती मानाची वस्त्रे दिली. पुन्हा मागितली, तेव्हा सणाच्या खर्चाला म्हणून ४० सोन्याची नाणी पाठविली. मग त्याने आशा सोडली, आणि तो बागेत, खेड्यावर, फाशांच्या पटावर आणि दारूच्या प्याल्यावर दिवस काढू लागला. इ. स. १९ मध्ये लाडका भाऊ जर्मॅनिकस सिरियात मरण पावला. इ. स. ३७ मध्ये त्याच जर्मॅनिकसचा मुलगा कॅलिग्युला सम्राट झाला. त्याने काकाला दोन महिने कॉन्सलचे पद दिले खरे, परंतु दरबारात त्याचे विदूषक करून टाकले. जेवणानंतर काकांचा डोळा लागला की लोक त्यांच्यावर ऑलिव्हच्या आणि खजुराच्या बिया मारीत. झोपेत त्यांच्या हातांत बायकी सपाता चढवून ठेवीत, म्हणजे दचकून उठताच डोळे चोळायला गेले की त्या तोंडावर घासल्या जाव्यात. हे सोसणारा मनुष्य त्या वेळी ४७-४८ वर्षांचा होता.

इ. स. ४१ च्या २४ जानेवारीला राजवाड्याच्या बोळकांडीत पहारेकऱ्यांच्याच अधिकाऱ्यांनी कॅलिग्युलाचा खून केला. त्याची बायको आणि तान्ही मुलगीही मारली. क्लॉडियस घाबरून एका सज्जात शिरला आणि दारावरच्या पडद्यामागे लपला. इकडेतिकडे धुंडाळणाऱ्या एका शिपायाला पडद्याखाली पाय दिसले. त्याने ओढून बाहेर काढले. हा जिवाच्या भीतीने त्याचे पाय धरतो, तर शिपायाने ओळखून त्यालाच सम्राट म्हणून मुजरा केला. मग त्याला पालखीत बसवून पहारेकऱ्यांच्या छावणीत नेले. वाटेत लोक हळहळत होते, बिचाऱ्याला मारायला नेताहेत असे त्यांना वाटले. सीनेटचे सभासद प्रजासत्ताक पुन्हा आणावे की कसे याचा वाद रात्रभर घालीत राहिले, आणि तोवर छावणीत सगळे उरकले. क्लॉडियसने प्रत्येक शिपायाला १५,००० सेस्टर्स देण्याचे कबूल केले. पैसे देऊन फौजेची निष्ठा विकत घेण्याचा हा पायंडा पुढे रोमला फार जाचला. परंतु त्या दिवशी दुसरा मार्ग तरी कोणता होता? एक तर गादी, नाही तर सुळी.

गादीवर बसला तेव्हा शहरात सात-आठ दिवस पुरेल एवढेच धान्य शिल्लक होते. रोमचे पोट बाहेरून, विशेषतः इजिप्त व आफ्रिकेतून येणाऱ्या गव्हावर चाले, आणि टायबर नदीच्या मुखाशी गाळ साचल्यामुळे मोठी जहाजे आत येत नसत. पुढे एकदा दुष्काळात लोकांनी भर चौकात सम्राटाला गाठून शिव्यांबरोबर पावाचे तुकडे मारले, तेव्हा मागच्या दाराने राजवाड्यात पळावे लागले. त्याने त्याबद्दल कोणाचा सूड घेतला नाही; धान्याच्या मागे मात्र लागला. इंजिनिअरांनी खर्चाचा आकडा सांगून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, तरी इ. स. ४२ मध्ये त्याने ऑस्टियाजवळ समुद्रात धक्के बांधून नवे बंदर सुरू केले. कॅलिग्युलाने इजिप्तहून एक प्रचंड दगडी स्तंभ ज्या जहाजातून आणला होता, तेच जहाज बुडवून त्यावर दीपगृहाचा पाया घातला. तो स्तंभ आज रोममध्ये सेंट पीटरच्या चौकात उभा आहे. हिवाळ्यात वादळाने जहाज बुडाले तर नुकसान आपण भरून देऊ, असे त्याने व्यापाऱ्यांना वचन दिले. धान्यासाठी जहाजे बांधणाऱ्यांना सवलती दिल्या, आणि त्यांत बायकांसाठीही एक होती. जहाज बांधणाऱ्या स्त्रीला चार मुलांच्या आईचे हक्क मिळत.

हे हक्क काय ते सांगितले पाहिजे. रोममध्ये बाप मेल्यावर मुलगी कितीही मोठी असली, शहाणी असली, तरी तिच्यावर जवळच्या पुरुष नातेवाइकाची पालकी असे. शेतवाडी विकायची, मृत्युपत्र करायचे, तर त्याची संमती हवी. ऑगस्टसने तीन मुलांच्या आईला, आणि दास्यातून मुक्त झालेलीला चार मुले असल्यास, यातून मोकळीक दिली होती. क्लॉडियसने पुढे जाऊन, जन्माने स्वतंत्र असलेल्या स्त्रियांवरची चुलते-भावांची ही कायदेशीर पालकी मुळातूनच काढून टाकली. दास्यातून सुटलेल्यांवर त्यांच्या जुन्या धन्याचा पगडा तसाच राहिला, हे खरे. शिवाय याच सम्राटाच्या राजवटीत, इ. स. ५२ मध्ये, असा ठराव झाला की परक्याच्या दासाबरोबर धन्याच्या संमतीवाचून संसार करणारी स्वतंत्र स्त्री स्वतःच दासी व्हावी. तेव्हा त्याला स्त्रियांचा कैवारी म्हणून डोक्यावर घेण्याची घाई नको. पण पालकीचा जाच काढला त्याचे श्रेय त्याचे आहे.

बंदरावरून आपल्या किनाऱ्याची थोडी आठवण होते. त्याच शतकात तांबड्या समुद्रातून निघालेली जहाजे मोसमी वाऱ्यावर हिंदुस्थानाकडे येत. शतकाच्या मध्याच्या सुमारास एका ग्रीक भाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या माहितीपुस्तकात सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांची नावे आहेत. दक्षिण हिंदुस्थानात सापडलेल्या रोमन सोन्याच्या नाण्यांत क्लॉडियसचा मुखवटा असलेलीही आहेत. नाण्यावर तो रुबाबदार दिसतो. मान हालताना नाण्यावर थोडीच दिसणार!

इ. स. ४३ मध्ये त्याने ब्रिटनवर फौज धाडली. सीझर तेथे दोनदा जाऊन परत आला होता, राज्य स्थापन करता आले नव्हते. सेनापती ऑलस प्लॉशियस चार लीजन घेऊन निघाला, पण शिपाई समुद्र ओलांडायला तयार होईनात. तेव्हा सम्राटाचा चिटणीस नार्सिसस, जो एके काळचा दास, तो भाषण करायला उभा राहिला. दासाने मालकांना उपदेश करावा याचे शिपायांना हसू आले, आणि हसता हसता ते जहाजावर चढले. विजय दृष्टिपथात येताच क्लॉडियस स्वतः हत्तींसह तेथे गेला, आज ज्याला कोलचेस्टर म्हणतात त्या राजधानीत शिरला आणि १६ दिवस राहून परतला. लढाई दुसऱ्यांनी मारली, मिरवणूक याची निघाली, हे तर सगळ्याच राजांचे. त्याच्या लहानग्या मुलाला ब्रिटॅनिकस हे नाव मिळाले ते या विजयावरून. या मुलाला वाचकांनी ध्यानात ठेवावे.

कॅलिग्युलाने सुरू करून सोडलेले दोन कालवे त्याने इ. स. ५२ मध्ये पुरे केले. एक सुमारे ६९ किलोमीटरचा, दुसरा ८७ चा. त्यांच्या उंच कमानी रोमबाहेरच्या माळावर आजही उभ्या आहेत. फ्युसिनो सरोवराचे पाणी काढून शेतजमीन करण्यासाठी ३०,००० माणसे ११ वर्षे डोंगर पोखरीत होती. उद्घाटनाला पाणी नीट वाहिलेच नाही, आणि पुन्हा खणल्यावर ते असे उसळले की काठावर जेवायला बसलेली सगळी शाही पंगत भेदरली.

त्याचा एक कायदा मला या सगळ्या दगडी कामांपेक्षा मोठा वाटतो. रोममध्ये टायबर नदीच्या मध्यावर एक बेट आहे, त्यावर एस्कुलापियस या वैद्यदेवाचे मंदिर होते. दास आजारी पडला की औषधपाण्याचा खर्च नको म्हणून धनी त्याला त्या बेटावर नेऊन टाकीत. तो मेला तर सुटला. वाचला तर पुन्हा कामाला ओढून आणावयाचा. क्लॉडियसने ठरविले, की असा टाकून दिलेला दास त्याच क्षणी स्वतंत्र झाला, बरा झाल्यावर तो धन्याकडे परत जाणार नाही. आणि टाकण्याऐवजी कोणी त्याला मारून टाकले तर तो खून समजला जाईल. हा नियम इतका टिकला की सुमारे ५०० वर्षांनी जस्टिनियन बादशहाने कायद्यांचे संकलन केले त्यातही तो आहे. तो वाचताना मला मध्यरात्रीची ती पालखी आठवते.

इ. स. ४८ मध्ये गॉलमधल्या पुढाऱ्यांना सीनेटमध्ये घ्यावे की नाही असा वाद निघाला. जुने सभासद खवळले. क्लॉडियसने उठून भाषण केले, की रोमचे पहिले राजेही बाहेरचेच होते आणि परक्यांना आपले करीत गेल्यामुळेच रोम वाढले. हे भाषण काशाच्या पत्र्यावर कोरलेले इ. स. १५२८ मध्ये लिआँला, त्याच्या जन्मगावीच, सापडले. मुद्दा सोडून तो इतिहासात फार लांब जातो आणि मध्येच स्वतःला नावाने हाक मारून, आता मुद्द्यावर ये, असे बजावतो. वक्तृत्वाच्या दृष्टीने ते फसलेलेच म्हणायचे, परंतु माणूस त्यात जिवंत दिसतो. एकाच दिवशी २० हुकूम काढण्याचीही त्याला हौस. त्यांत एक द्राक्षे भरपूर आली आहेत तर बुधले नीट डांबरून घ्या असा, तर दुसरा सापाच्या विषावर कोणत्या झाडाचा रस गुणकारी ते सांगणारा!

न्यायाला बसणे त्याला फार आवडे. एका बाईने आपल्या मुलाला ओळखच नाकारली. पुरावा दोन्ही बाजूंनी सारखा. क्लॉडियसने निकाल दिला, की हा मुलगा नसेल तर बाईने याच्याशी लग्न लावावे. बाईने तत्काळ कबूल केले. आईने नाकारलेल्या मुलाचा खटला त्याच्यापुढे यावा, यालाही काय म्हणावे! याच न्यायासनावरून रक्तही पुष्कळ वाहिले. ३५ सीनेटर आणि ३०० हून अधिक सरदार त्याच्या राजवटीत मारले गेले, आणि कित्येकांची बाजू ऐकूनही घेतली नव्हती. इ. स. ४२ च्या बंडात सापडलेल्या सिसिना पीटसला जहाजातून कैदी म्हणून आणीत असता त्याची पत्नी अरिया लहानशा मच्छीमार होडीतून जहाजामागे रोमपर्यंत आली, आणि पतीला मरणाचे धैर्य होईना तेव्हा तिने आधी आपल्या छातीत खंजीर मारून घेऊन तो त्याच्या हाती दिला. भित्रा मनुष्य सत्तेवर आला म्हणजे शूरापेक्षाही अधिक लोक मारतो, त्यातलाच हा प्रकार. त्याला पडद्यामागचा तो दिवस कधी विसरता आला नाही. भेटीला येणाऱ्या बायकामुलांचीसुद्धा अंगझडती घेतली जाई.

राज्याचा कारभार दास्यातून मुक्त झालेले त्याचे चिटणीस, नार्सिसस, पॅलस, कॅलिस्टस, यांच्या हाती होता. माणसे हुशार, पण भीती कोणाची दाखवायची हे त्यांनी ओळखले, आणि बायकोनेही ओळखले. दोन बायकांशी काडीमोड झाल्यावर त्याने मेसालिना या खूपच लहान वयाच्या मुलीशी लग्न केले होते. तिच्यापासून ऑक्टेव्हिया आणि ब्रिटॅनिकस ही मुले झाली. तिच्याविषयीच्या सगळ्या कहाण्या खऱ्या मानू नयेत, शत्रूंनी लिहिल्या आहेत. परंतु इ. स. ४८ मध्ये नवरा ऑस्टियाला गेला असता तिने गायस सिलियस नावाच्या तरुणाशी राजरोस लग्न लावले, हे इतिहासकार स्वतःच विश्वास बसणार नाही म्हणून सांगतात आणि तरी खरे म्हणतात. नार्सिससने भराभर सूत्रे हलविली. नवऱ्यासमोर मुलांना उभे करून दया मागावी असे तिने योजिले होते. नार्सिससने ७ वर्षांच्या ब्रिटॅनिकसला आणि त्याच्या बहिणीला वाटेतूनच दूर केले. त्याच रात्री बागेत, आईच्या शेजारी, मेसालिना मारली गेली. सम्राट जेवत होता. बातमी ऐकून त्याने आणखी दारू मागितली.

पुन्हा लग्न करणार नाही असे तो फौजेपुढे म्हणाला होता. इ. स. ४९ मध्ये सीनेटकडून कायदा बदलून घेऊन त्याने सख्ख्या पुतणीशी, जर्मॅनिकसच्या मुलीशी, अग्रिपिनाशी लग्न केले. तिला आधीचा एक मुलगा होता, नीरो. ब्रिटॅनिकसपेक्षा तीन वर्षांनी मोठा, देखणा, लोकांना आवडणारा. इ. स. ५० मध्ये क्लॉडियसने त्याला दत्तक घेतले, आणि पोटचा मुलगा असता दत्तक कशाला हे कोणी विचारले नाही. नीरोला वेळेआधीच मोठ्या माणसाचा झगा मिळाला. एका खेळाच्या दिवशी नीरो सेनापतीच्या पोशाखात आणि ब्रिटॅनिकस पोराच्या कपड्यांत असे दोघे लोकांपुढे आले. पाहणाऱ्यांनी काय समजायचे ते समजून घेतले. ब्रिटॅनिकसने नीरोला जुन्या नावाने हाक मारली, एवढ्यावरून त्याच्या चांगल्या शिक्षकांना हद्दपार केले, काहींना ठार केले, आणि सावत्र आईने निवडलेली माणसे त्याच्यावर नेमली. हे सगळे बापाच्या सहीने झाले. मध्यरात्रीच्या पालखीत बसलेला, मुकादमाचा मार खाल्लेला तो मुलगा आता सम्राट होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या लेकराचे तेच होत होते. नीरो हा जर्मॅनिकसचा नातू. देखण्या थोरल्या भावाची मोहिनी या म्हाताऱ्यावरून उतरली नव्हती, असे मला वाटते.

शेवटी शेवटी त्याचे डोळे उघडू लागले होते. ब्रिटॅनिकस समोर आला की तो त्याला पोटाशी धरी, लवकर मोठा हो म्हणे, आणि त्याला मोठ्या माणसाचा झगा देण्याचे बोलू लागला. अग्रिपिनाने वाट पाहिली नाही. इ. स. ५४ च्या १३ ऑक्टोबरला क्लॉडियस मेला. आवडीच्या अळिंब्यांतून विष दिले असे जवळजवळ सगळे जुने लेखक सांगतात. आजचे काही अभ्यासक नैसर्गिक मरणाचीही शक्यता धरतात. तो जिवंत आहे असे भासविण्यासाठी मेलेल्या अंगावर पांघरुणे घातली जात होती, आणि आत अग्रिपिना ब्रिटॅनिकसला उराशी कवटाळून, बापाचीच प्रतिमा म्हणून कुरवाळीत बसली होती, कारण तो बाहेर जाता कामा नये. दुपारी दार उघडले आणि नीरो बाहेर आला. मृत्युपत्र वाचून दाखविण्यात आले नाही.

सीनेटने त्याला देव केले. ज्याला त्याने आठ वर्षे कॉर्सिका बेटावर हद्दपार ठेवले होते, त्या सेनेकाने नीरोसाठी मृताच्या स्तुतीचे भाषण लिहून दिले आणि पाठोपाठ क्लॉडियस देवांच्या दरबारात कसा लंगडत गेला याचे एक टवाळीचे पुस्तकही लिहिले. बोलण्याची, चालण्याची नक्कल मेल्यावरही चुकली नाही.

चारच महिन्यांनी, १४ वा वाढदिवस तोंडावर आला असता, ब्रिटॅनिकस जेवणाच्या मेजावर कोसळला. पेय आधी चाखले होते. ते फार कढत म्हणून त्यात थंड पाणी घातले, विष त्या पाण्यात होते. नीरो म्हणाला, हे त्याचे जुने फेफरे आहे. रात्रीच्या पावसातच त्याला अग्नी दिला. ऑक्टेव्हियाचे नीरोशी लग्न झालेले होते. तिला त्याने इ. स. ६२ मध्ये एका ओसाड बेटावर धाडून मारविले. ती तेव्हा विशीच्या थोडी पुढे गेलेली होती. अग्रिपिनालाही तिच्या मुलाने त्याआधीच, इ. स. ५९ मध्ये, संपविले होते. क्लॉडियससाठी तिने आरंभिलेले देऊळही नीरोने बहुतेक पाडून टाकले.

ब्रिटॅनिकसच्या पंगतीला त्या रात्री टायटस नावाचा त्याच्याच बरोबर शिकणारा एक मुलगा होता. त्यानेही त्या पेल्याला तोंड लावले आणि तो पुष्कळ दिवस आजारी होता, असे सांगतात. नीरोनंतर या टायटसचा बाप व्हेस्पेसियन सम्राट झाला. ब्रिटनच्या मोहिमेत क्लॉडियसच्या फौजेतून तो लढला होता. त्याने ते पाडलेले देऊळ पुन्हा बांधून पुरे केले. आणि टायटस सम्राट झाल्यावर त्याने आपल्या बालमित्राचा सोन्याचा पुतळा करवून राजवाड्यात बसविला.